नागीण झाल्यावर घरी करावयाची शुश्रूषा

छातीच्या, पाठीच्या किंवा कमरेच्या एकाच बाजूला आधी जळजळ आणि ठणका सुरू होऊन दोन-चार दिवसांत त्याच जागी पाणीदार फोडांचा पट्टा उठला, तर ती बहुधा नागीण असते. आपल्या बेळगाव-खानापूर भागातील कन्नड शेजारी तिलाच सर्पसुत्तु म्हणतात. कांजिण्या येऊन गेल्यावर त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी निपचित पडून राहतो आणि वय वाढले किंवा आजारपणाने प्रतिकारशक्ती घटली की पुन्हा डोके वर काढून त्या तंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. हे तंतू शरीराच्या एकेका बाजूलाच पसरलेले असल्यामुळे पट्टा सहसा मध्यरेषेपाशी थांबतो. म्हणून विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी भीती मनातून काढून टाकावी.

घरगुती उपायांनी दाह आणि खाज कमी होते, विषाणू मात्र आटोक्यात येत नाही. त्यासाठी असायक्लोव्हिरसारखे औषध लागते आणि ते फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्यास त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. आपल्या खेड्यांत नेमके हेच तीन दिवस नागीण उतरवणाऱ्याच्या दारात जातात, याचे फार वाईट वाटते. घरातील वडीलधाऱ्यांची श्रद्धा असेल तर तिचा अवमान करू नये, परंतु आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुक्याचे रुग्णालय गाठावे. तीन दिवस उलटून गेले असले, तरी डॉक्टरांना दाखवण्याचे टाळू नये.

औषध सुरू झाल्यावर सर्वांत जास्त आराम थंड ओल्या घडीने मिळतो. जुन्या सुती लुगड्याचा किंवा धोतराचा मऊ तुकडा गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावा. पावसाळ्यात खानापूरकडे कपडे वाळता वाळत नाहीत, तेव्हा त्यावर गरम इस्त्री फिरवावी. पाणी उकळून पूर्ण गार होऊ द्यावे, त्यात कापड चौपदरी करून भिजवावे, पाणी गळणार नाही इतके पिळावे आणि फोडांवर न दाबता दहा-पंधरा मिनिटे नुसते ठेवावे. असे दिवसातून तीन-चार वेळा करावे, प्रत्येक वेळी धुतलेले कापड घ्यावे आणि नंतर त्वचा न घासता टिपून कोरडी करावी. बर्फ थेट लावू नये. खाज फार असेल तर कॅलामाइन लोशन चालते, पण ते फुटलेल्या फोडांवर लावू नये. कडुनिंबाचा पाला उकळून कोमट केलेल्या पाण्याने अंघोळ करण्यास सहसा हरकत नाही, मात्र त्याने नागीण बरी होते असे समजू नये.

काव, चुना, राख किंवा दूर्वा-तांदळाचा लेप लावणे मात्र कटाक्षाने टाळावे. काव वाळली की तिचा कडक थर धरतो, तो निघताना फोड सोलले जातात, मातीतील जंतू उघड्या जखमेत शिरतात आणि डॉक्टरांना खालची त्वचाच दिसत नाही. स्टेरॉइडचे मलम स्वतःच्या मनाने लावू नये.

फोडातील पाणी लागल्याने दुसऱ्याला नागीण होत नाही. ज्याला कांजिण्या येऊन गेलेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत, म्हणजे साधारण सात ते दहा दिवस, जागा सैल सुती कापडाने झाकावी, रुग्णाचा टॉवेल आणि अंथरूण वेगळे ठेवावे आणि हात साबणाने धुवावेत. बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक किंवा तान्हे मूल घरात असेल, तर आजी-आजोबांनी या दिवसांत बाळाला मांडीवर घेण्याचा मोह आवरावा. रुग्णाला उपाशी ठेवण्याचे कारण नाही. भाकरी, आमटी, ताक असा नेहमीचा आहार द्यावा आणि मधुमेहाच्या गोळ्या चुकवू नयेत.

कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर दृष्टीला धोका असतो, तेव्हा त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. कानाजवळ फोड येऊन चेहरा वाकडा झाला, फोड अंगभर पसरले किंवा त्यांत पू होऊन ताप चढला, तरीही घरी थांबू नये.

त्वचा दोन ते चार आठवड्यांत भरून येते, पण वयस्कर माणसांच्या बाबतीत ठणका कित्येक महिने मागे राहू शकतो. अशा जागी तेल चोळून किंवा गरम शेक देऊन त्रास वाढवू नये. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी वेगळ्या गोळ्या असतात, त्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. पन्नाशी उलटलेल्यांसाठी नागिणीची लसही आता भारतात मिळते. ती दोन मात्रांत घ्यावी लागते आणि नागीण एकदा होऊन गेलेल्यांनाही बरे झाल्यावर घेता येते.