विश्वामित्रीचे पाणी: तळमजल्यावरच्या घराची तयारी आणि नंतरची सावरासावर

बडोद्याचा पूर बहुधा एका रात्रीत अंगावर येत नाही; तो पायरी पायरीने चढतो आणि त्याहून सावकाश उतरतो. विश्वामित्री पावागडाकडून येते, आजवा सरोवराचे जादा पाणी तिला मिळते, आणि शहर ओलांडून पुढे ती ढाढर नदीत जाते. ढाढर स्वतःच दुथडी भरलेली असेल, तर विश्वामित्रीला वाट मिळत नाही आणि पाणी शहरातच तुंबून राहते. त्यामुळे पाऊस थांबला आणि ऊन पडले, एवढ्यावर तळमजल्यावरच्या कुटुंबाने निर्धास्त होणे चुकीचे आहे. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये धोक्याची पातळी २६ फूट असताना नदी ३५ फुटांच्याही वर गेली, आणि पावसाचा जोर ओसरल्यानंतरही अनेक वसाहतींतून पाणी हटेना.

म्हणून पावसापेक्षा दोन आकड्यांवर लक्ष ठेवावे: काळा घोडा पुलाजवळची नदीची पातळी आणि आजव्याची पातळी. पावसाळ्यात हे दोन्ही आकडे स्थानिक बातम्यांत रोज दिले जातात. त्यांच्या जोडीला तिसरा आकडा आपला आपणच काढावा लागतो. काळा घोड्याजवळ नदी किती फुटांवर असताना आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आले आणि किती फुटांवर ते उंबरठ्याला लागले, हे जुन्या शेजाऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवावे. समा, फत्तेगंज, अकोटा, मुजमहुडा किंवा परशुराम भठ्ठा या भागांत प्रत्येक सोसायटीचा हा आकडा वेगळा निघतो, आणि शहरभराच्या इशाऱ्यापेक्षा घरातल्यांना त्याचाच अधिक उपयोग होतो. त्या आकड्याच्या दोन-तीन फूट आधीच हालचाल सुरू करावी.

हालचालीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वृद्ध माणसे आणि त्यांची औषधे वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे पोहोचवावीत. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यात कुणी आप्त असतील, तर त्यांचे रस्ते मोकळे आहेत का, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. त्यानंतर गाडी उंचावर लावावी. दस्तऐवज, विम्याची कागदपत्रे, पासबुके आणि देवघरातल्या जुन्या पोथ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वर न्याव्यात. गॅसचा सिलिंडर बंद करून बांधून ठेवावा, कारण तो पाण्यावर तरंगतो. तीन दिवस पुरेल इतके पिण्याचे पाणी आणि शिजवावे न लागणारे खाणे जवळ असावे. पाणी दारातूनच येते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात गटारे भरली की ते आधी संडासातून आणि न्हाणीघराच्या जाळीतून उलटे वर येते. त्यासाठी वाळूने भरलेल्या पिशव्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून तेथे दाबून ठेवाव्यात. मुख्य स्विच पाणी घरात शिरण्यापूर्वीच बंद करावा. पाण्यात उभे राहून त्याला हात लावू नये.

पाणी उतरले की झाडू हातात घेण्याची घाई होते, आणि नेमकी हीच घाई महागात पडते. आधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे आणि भिजलेल्या वस्तूंचे फोटो काढावेत. शक्य असल्यास मोजपट्टी भिंतीला लावून रेषेची उंची दाखवावी. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विम्यात पुराचा समावेश आहे. गाडी बुडाली असेल, तर ती चालू करून पाहण्याचा मोह टाळावा, कारण इंजिनात पाणी असताना ते सुरू केल्यास आतले भाग मोडतात आणि अशा नुकसानीची भरपाई साध्या पॉलिसीत बहुधा मिळत नाही. सरकारी सर्वेक्षणासाठी पथक येते, तेव्हा रेशनकार्ड, आधार आणि बँक पासबुकाच्या प्रती तयार असाव्यात. केशडोल, म्हणजे रोजच्या खर्चासाठीची रोख मदत, आणि घरवखरीची, म्हणजे घरातल्या सामानाच्या नुकसानीची मदत वेगवेगळी असते, हे ध्यानात ठेवून अर्जात दोन्हींचा उल्लेख झाला आहे की नाही, ते पाहावे.

घरात शिरताना हातात काठी आणि पायात गमबूट असावेत. विश्वामित्रीत शेकडो मगरी राहतात आणि पुरात त्या अंगणापर्यंत येतात. साप तर कपाटाखालीही सापडतो. असे काही दिसल्यास दार लोटून घ्यावे आणि वन विभागाला बोलवावे, स्वतः शौर्य दाखवू नये. पायाला जखम असेल, तर चिखलात उतरूच नये, कारण उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्यांत दुखणे जाणवले, तर चिखलात वावरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

गाळ ओला असतानाच काढावा. वाळला की तो फरशीला धरून बसतो. भिजलेले धान्य, कापसाच्या गाद्या आणि भुशाच्या पाट्यांचे फर्निचर वाचवण्यात वेळ घालवू नये. सागवानी वस्तू मात्र वाचतात, पण त्या सावलीत वाळवाव्यात, उन्हात लाकूड वाकते. एकमेकांना चिकटलेले जुने फोटो कोरडे झाल्यावर ओढून सोडवायचे नसतात. ते स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलकेच सुटे करावेत. पोथी किंवा वंशावळीची वही लगेच सुकवता येत नसेल, तर ती प्लास्टिकमध्ये घालून कुणाच्या तरी चालू फ्रीजरमध्ये ठेवावी. तेवढ्याने बुरशी थांबते आणि पुढचे काम सवडीने करता येते.

जमिनीखालची पाण्याची टाकी पूर्ण उपसून, घासून आणि क्लोरीनने धुऊन घेतल्याशिवाय तिच्यातले पाणी वापरू नये, आणि पुरवठा सुरळीत होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. वायरिंग इलेक्ट्रिशियनने तपासल्यावरच मुख्य स्विच चालू करावा. मीटर बुडाला असेल, तर वीज कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबावे. फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांनाही हाच नियम आहे. भिंतींचे काम सगळ्यात शेवटी येते. ऑगस्टमध्ये भिजलेला गिलावा दिवाळीपर्यंत आतून ओलाच असू शकतो, आणि सणासाठी म्हणून त्यावर रंग चढवला, तर थोड्याच महिन्यांत क्षार फुटून त्याचे पापुद्रे निघतात. त्या वर्षी दाराला तोरण लावावे, रंगारी उन्हाळ्यात बोलवावा.