पुरुष प्राथमिक शिक्षकांची देशोदेशीची तुलना कशी करावी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील ज्या शाळेत मी शिकलो, तेथे चारही वर्ग एकच मास्तर सांभाळत. आज तेथील दोन्ही जागांवर शिक्षिका आहेत. एवढ्यावरून ‘पुरुष या पेशातून गेले’ असे आपण सहज म्हणतो, परंतु हे विधान एखाद्या देशाबद्दल करायचे असल्यास आकडे मांडून पाहावे लागतात.

आकड्यांचा मूळ साठा युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेकडे आहे आणि जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर तोच अधिक सुटसुटीतपणे मिळतो. तेथील नेहमीच्या तक्त्यांत पुरुष शिक्षकांचा स्वतंत्र रकाना सहसा नसतो. एकूण प्राथमिक शिक्षक आणि त्यांतील स्त्रियांची टक्केवारी हे दोन रकाने उतरवून घ्यावेत, शंभरातून स्त्रियांची टक्केवारी वजा करावी, उरलेल्या टक्केवारीने एकूण संख्येला गुणून शंभराने भागावे.

समजा, एका देशात 1990 साली 40,000 शिक्षक होते आणि त्यांत स्त्रिया 30 टक्के. म्हणजे पुरुष 28,000. 2015 साली शिक्षक 1,00,000 झाले, स्त्रिया 60 टक्के. म्हणजे पुरुष 40,000. पुरुषांचा वाटा 70 वरून 40 टक्क्यांवर घसरला, तरी प्रत्यक्षात 12,000 पुरुष वाढले. याच काळात विद्यार्थी 16 लाखांवरून 25 लाखांवर गेले असतील, तर दर हजार मुलांमागे पुरुष शिक्षक 17.5 वरून 16 वर आले. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत; आपला प्रश्न संख्येचा आहे, वाट्याचा आहे की मुलांना वर्गात पुरुष शिक्षक भेटण्याचा, हे आधी ठरवावे आणि शीर्षकात तसे लिहावे. वाटा घटला म्हणून पुरुषांनी नोकऱ्या सोडल्या, असा निष्कर्ष काढण्याची घाई मला सर्वांत जास्त खटकते, कारण बहुतेक वेळा नव्या भरतीत स्त्रिया अधिक आलेल्या असतात, एवढेच घडलेले असते.

‘प्राथमिक’ या शब्दाचा अर्थही देशागणिक बदलतो. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चार वर्षांची आहे, भारतात पाच आणि जपानमध्ये सहा. युनेस्कोच्या वर्गीकरणामुळे पायऱ्यांची नावे एकसारखी होतात, वर्षे मात्र होत नाहीत. त्यातच हे वर्गीकरण 1997 आणि 2011 साली सुधारले गेले, त्यामुळे त्या सुमारास आलेखात अचानक पायरी दिसली तर आधी व्याख्या तपासावी. शिक्षकवर्ग हळूहळू बदलतो. एका वर्षात दहा टक्क्यांची उडी दिसली, तर ती शाळेत नव्हे, नोंदीत घडली असण्याचा संभव अधिक. सोव्हिएत संघासारख्या 1991 साली विघटित झालेल्या देशाची जुनी संख्या आजच्या रशियाच्या संख्येशी जोडू नये.

रिकाम्या चौकोनांबद्दल माझा अनुभव सांगतो. पहिल्या तक्त्यात मी त्यांत शून्य भरले, आणि एक आख्खा देश तीन वर्षे शिक्षकांविना चालल्याचे एक्सेलने मला चित्र काढून दाखवले. रिकामी जागा रिकामीच ठेवावी, रेषा तुटू द्यावी. ठरावीक वर्षाचा आकडा नसल्यास एक-दोन वर्षे मागचा-पुढचा घ्यावा आणि ते वर्ष कंसात नोंदवावे.

लहान व मोठे देश एकाच आलेखात बसवायचे असतील, तर प्रत्येकाचे आरंभीचे वर्ष 100 धरावे. वरील उदाहरणात 28,000 म्हणजे 100 आणि 40,000 म्हणजे सुमारे 143.

या ओळींत गोवा घालायचा मोह आपल्याला होणारच. देशांच्या तक्त्यात राज्ये नसतात, तेव्हा युडायसचे, म्हणजे भारतातील शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याचे, आकडे घ्यावे लागतात. 1961 च्या डिसेंबरपर्यंत येथे पोर्तुगीज अंमल होता, आणि त्यानंतर 30 मे 1987 पर्यंत दमण व दीव आपल्यासोबत होते. त्यामुळे जुन्या नोंदींत ‘गोवा’ म्हणजे कोणता प्रदेश, हे पाहूनच रेषा ओढावी. शिवाय आपली प्राथमिक शाळा परंपरेने चौथीपर्यंत आणि पाचवी हायस्कूलात, तर देशाच्या मोजणीत पाचवी प्राथमिकमध्ये. म्हणून शाळेच्या नावावर न जाता शिक्षक कोणत्या वर्गांना शिकवतो, तो रकाना पाहावा, आणि हायस्कूलातील पाचवीचे मास्तर कुठे धरले, हे तक्त्याखाली एका वाक्यात लिहावे.