बेळगावच्या कोर्टात नव्याने येणाऱ्या ज्युनियर वकिलांसाठी

खानापूर ते बेळगाव साधारण 26 किलोमीटर. सुरुवातीला मी रोज ये-जा करायची. सकाळी सिनियरांचं ऑफिस, मग कोर्ट, संध्याकाळी पुन्हा ऑफिस, आणि शेवटची बस चुकू नये म्हणून फायली पिशवीत कोंबून धावाधाव. आईने झाकून ठेवलेलं ताट उघडतानाही डोक्यात उद्याचा बोर्डच, म्हणजे कोर्टातल्या खटल्यांची यादीच असायची. दोन वर्षं असं चाललं. पित्त वाढलं, झोप मोडली, आणि एका वाटणीच्या दाव्यातली कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची मुदत मी डायरीत चुकीच्या पानावर लिहिली. सिनियरांच्या वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं. अशिलाच्या शेताचा प्रश्न होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून आधी मुदतींचं ओझं डोक्यातून कागदावर उतरवा. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत कैफियत, न्यायालयाने कारण नोंदवून वाढवून दिलं तर 90 दिवसांपर्यंत. दिवाणी अपील जिल्हा न्यायालयात 30 दिवसांत, उच्च न्यायालयात 90 दिवसांत. मी शेवटच्या तारखेसोबत तिच्या दहा दिवस आधीचीही नोंद करते आणि ती आधीची तारीखच खरी मानते. रात्री तीनला दचकून उठणं त्यानंतर थांबलं.

आपल्या भागातल्या मराठी वकिलाला आणखी एक थकवा असतो, तो भाषेचा. अशील मराठीत सांगतो, साक्ष कन्नडात नोंदवली जाते, निवाडे इंग्रजीत वाचायचे, आणि जमिनीचे जुने कागद काढले तर कधी मोडीही समोर येते. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुन्या दस्तांत मराठी भरपूर सापडते. माझी शाळा मराठी माध्यमाची. एक कन्नड पंचनामा वाचायला मला इतरांच्या तिप्पट वेळ लागायचा आणि तो वेळ मी झोपेतून काढायची. तिथेच माझं चुकलं. कन्नड मनापासून शिका, त्याने आपल्या मराठीचं काही कमी होत नाही. पण एकट्याने रात्री जागून शिकू नका. बार रूममधली एक कन्नड मैत्रीण डबा खाताना मला दोषारोपपत्र वाचायला शिकवायची, मी तिला जुनी मराठी खरेदीखतं वाचून द्यायची. सहा महिन्यांत माझं संध्याकाळचं काम तासाभराने कमी झालं. तो तास मी परत ऑफिसला दिला नाही.

अशील बहुतेक ओळखीतले, नात्यातले. रात्री दहाला फोन येतो, "पोरी, आमच्या केसचं काय झालं गं?" त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. कोर्टात काय झालं हे त्यांना दुसरं कुणी सांगतच नाही. आता तारखेच्या दिवशी संध्याकाळीच पुढची तारीख आणि काय घडलं ते दोन ओळींत पाठवते. घरातल्या मुलाला ई-कोर्ट्सच्या सरकारी ॲपवर सीएनआर क्रमांकाने, म्हणजे प्रत्येक केसच्या स्वतंत्र क्रमांकाने, केस बघायलाही शिकवते. रात्रीचे फोन बरेच कमी झाले. अटकेचा फोन मात्र कधीही घेते, कारण 24 तासांत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचं असतं आणि त्याआधी घरच्यांना धीर देणारं कुणीतरी लागतं.

सिनियरांना पैशांचं पहिल्याच भेटीत विचारा. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेने ज्युनियरांना शहरात किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये मासिक विद्यावेतन द्यावं असं सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तरी आकडा माहीत असला की बोलायला बळ येतं. घरभाड्याची काळजी करत उलटतपासाची तयारी नीट होत नाही.

काही खटले घरापर्यंत सोबत येतात. एका लहान मुलीची साक्ष झाल्यावर आठवडाभर माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. अशिलाचं नाव कुणाला सांगता येत नाही, पण आपल्याला काय होतंय ते सांगता येतं. मी 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर बोलले. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो.

कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात काम असलं की जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर होतात. त्या संध्याकाळी मी ऑफिसला जात नाही, हे सिनियरांना आधीच सांगून ठेवलंय. आणि जुलैतले दोन रविवार भातलावणीचे. फोन घरी आईजवळ असतो, मी चिखलात.