8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एक कोटी नोडचे मॉडेल कसे पाहावे

यंत्राचा भाग किंवा बांधकाम लाखो छोट्या तुकड्यांत (एलिमेंट) आणि ते जोडणाऱ्या बिंदूंत (नोड) विभागून त्यावरचा ताण काढतात. हे गणित सर्व्हरवर सुटते, निकाल मात्र घरच्या लॅपटॉपवर पाहायचा असतो. नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आणि वाळूजच्या छोट्या डिझाइन ऑफिसांना ही अडचण नेहमीची. फाइल उघडताच मशीन गोठते आणि दोष ग्राफिक कार्डावर जातो. बहुतेक वेळा कमी पडलेली असते ती रॅम.

आधी कागदावर हिशेब मांडा. दहा नोडच्या टेट्रा (चार बाजूंच्या पिरॅमिडसारख्या) एलिमेंटचे मॉडेल धरू: 1 कोटी नोड, साधारण 70 लाख एलिमेंट. नोडचे स्थान म्हणजे तीन आकडे, प्रत्येकी 8 बाइट, म्हणून 240 एमबी. विस्थापनाचे तेवढेच. स्ट्रेसचे (ताणाचे) सहा घटक, 480 एमबी. कोणत्या एलिमेंटला कोणते नोड जोडले आहेत, ही यादी सुमारे 620 एमबी. झाले जवळपास 1.6 जीबी, तेही एकाच टाइम स्टेपचे, म्हणजे एका क्षणाच्या निकालाचे. त्यावर ‘क्लिप’ (मॉडेल कापून एक बाजू काढून टाकणारा फिल्टर) लावला की उरलेल्या भागाची नवी प्रत तयार होते. असे दोन-तीन फिल्टर झाले की विंडोज रॅममध्ये न मावणारा डेटा हार्ड डिस्कवर हलवू (स्वॅप करू) लागते, आणि मग माउससुद्धा हलत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. फुल एचडी पडद्यावर पिक्सेल जेमतेम 20.7 लाख. एक कोटी घनाकार एलिमेंटचा भरीव ठोकळा घेतला तर प्रत्येक कडेला 215 एलिमेंट येतात आणि बाहेरून दिसणारे चौकोन भरतात अवघे 2.8 लाख. बाकी सगळे पोटात. धरणाच्या सांडव्यासारख्या भरीव बांधकामात हा फायदा मोठा असतो. पातळ भिंतींच्या कास्टिंगमध्ये पृष्ठभागच जास्त, म्हणून तिथे बचत कमी होते. तेव्हा काय पाहायचे ते आधी ठरवा आणि तेवढेच लॅपटॉपवर आणा.

यासाठी पॅराव्ह्यू हे निकाल चित्ररूपात दाखवणारे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते. ओपनफोम या प्रवाहाचे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरचा केस असेल तर केसच्या फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी .foam असलेली रिकामी फाइल ठेवून ती उघडा. कॅल्क्युलिक्स या ताणाचे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरची .frd फाइल ते थेट वाचत नाही. ती आधी व्हीटीयू या पॅराव्ह्यूला वाचता येणाऱ्या प्रकारात बदलून घ्या.

फाइल निवडल्यावर लगेच ‘अप्लाय’ दाबू नका. डावीकडच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये सगळ्या राशींची यादी येते. फक्त स्ट्रेस पाहायचा असेल तर विस्थापन, तापमान, स्ट्रेन यांच्या खुणा काढा. मग ‘अप्लाय’. ‘ऑटो अप्लाय’ बंदच असू द्या, नाहीतर प्रत्येक बदलाला मशीन पुन्हा राबते. ‘इन्फर्मेशन’मध्ये किती मेमरी लागली ते दिसते, आपल्या हिशेबाशी ताडून पाहा.

यानंतर ‘एक्स्ट्रॅक्ट सरफेस’ (फक्त बाहेरचा पृष्ठभाग काढणारा फिल्टर) लावा. मध्यनोड (कडेच्या मधला नोड) असलेल्या एलिमेंटसाठी ‘नॉनलिनियर सबडिव्हिजन लेव्हल’ 1 वरून 0 करा. नाहीतर प्रत्येक त्रिकोणाचे चार होतात. मिळालेला पृष्ठभाग ‘सेव्ह डेटा’ने .vtp म्हणून, बायनरीत साठवा. आस्की (साध्या मजकुराची) फाइल फुगते आणि वाचायलाही फार वेळ लागतो. मग फिल्टर आणि मूळ फाइल पाइपलाइनमधून (डावीकडच्या यादीतून) डिलीट करा आणि ही .vtp उघडा. डोळ्याचे चिन्ह मिटल्याने मॉडेल नुसते लपते, रॅम मोकळी होत नाही. बहुतेकांचे मशीन इथेच अडकते.

आतले पाहायचे असेल तर मूळ फाइल डिलीट करण्याआधी तिच्यावर ‘क्लिप’ऐवजी ‘स्लाइस’ वापरा. स्लाइसमध्ये फक्त कापाचा पातळ पापुद्रा उरतो, क्लिपमध्ये अर्धे मॉडेल. फिरवताना झटके बसत असतील तर एलिमेंटच्या कडा दाखवणे बंद करा आणि पारदर्शकता काढा. या दोन्हींनी चित्र फार मंदावते.

पृष्ठभागही जड वाटला तर ‘ट्रँग्युलेट’ करून ‘डेसिमेट’ (त्रिकोणांची संख्या कमी करणारा फिल्टर) लावता येतो. चित्र छान दिसते, पण त्या चित्रावरून कमाल स्ट्रेस वाचू नका. फिलेटच्या (गोलसर केलेल्या) कोपऱ्यातला नेमका तोच नोड गळालेला असू शकतो. एलिमेंटचे आकडे नोडवर आणणाऱ्या ‘सेल डेटा टू पॉइंट डेटा’चेही तसेच: शेजारच्या एलिमेंटची सरासरी निघते आणि टोकाचा आकडा खाली येतो. इथे शितावरून भाताची परीक्षा करू नका. कमाल आकडा मूळ फाइलवर ‘फाइंड डेटा’ने शोधा आणि अहवालात तोच लिहा.

मूळ फाइल लॅपटॉपवर उघडतच नसेल तर हे काम सर्व्हरवरच उरका. त्याच राशींचे लहान मेशचे (कमी एलिमेंटचे) मॉडेल लॅपटॉपवर घ्या, ‘टूल्स’मधून ‘स्टार्ट ट्रेस’ सुरू करा, फाइल उघडण्यापासून स्लाइस, सरफेस, सेव्ह असे सगळे एकदा करून दाखवा आणि ट्रेस थांबवा. पायथनची स्क्रिप्ट तयार मिळते. तीत फाइलचे नाव आणि मार्ग बदलून ती सर्व्हरवर पीव्हीबॅचने (पॅराव्ह्यूसोबत येणाऱ्या, खिडकी न उघडता स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामने) चालवा. टाइम स्टेप अनेक असतील तर सेव्ह करताना सगळ्या स्टेप लिहिण्याची खूण करा. घरी येतात त्या हलक्या फाइली, त्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही उतरतात.

खर्च करायचाच असेल तर आधी रॅम 16 जीबी करा, नंतर एसएसडी. रॅमच्या दोन पट्ट्या जोडीने बसवल्या तर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही वेग मिळतो. वेगळे कार्ड असलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये पॅराव्ह्यूला ‘हाय परफॉर्मन्स’ द्या. नाहीतर ते कार्ड नुसते बसून राहते.

मे महिन्यात परभणीच्या उन्हात प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालून हवा खेळू द्या, आणि मोठी स्क्रिप्ट रात्री लावा. वीज जाण्याचा नेम नसेल तर दर टप्प्यावर ‘सेव्ह स्टेट’ करा. त्या .pvsm फाइलमध्ये मॉडेल नसते, केलेल्या पायऱ्यांची नोंद असते. म्हणून मूळ फाइलचे नाव किंवा जागा बदलली तर स्टेट उघडताना नवा मार्ग दाखवावा लागतो.