शेतावरच्या शेडमध्ये शाडूच्या गणपतीची कार्यशाळा कशी घ्यावी

नारळी पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार धरा. त्याआधी घेतलीत तर लोकांच्या मनात अजून गणपती नसतो आणि उशिरा घेतलीत तर मूर्ती वाळत नाही. मावळ-मुळशीकडच्या पावसात सहा इंची मूर्तीला सावलीत वाळायला आठवडा सहज लागतो, त्यानंतर रंग.

रिकामा गोठा किंवा धान्याची शेड चालते. जमीन कोब्याची असो की सारवलेली, ताडपत्री अंथरा. आदल्या दिवशी कोपऱ्यातली लाकडं, पेंढा, पोती हलवून घ्या. पावसाळ्यात साप-विंचू तिथेच असतात. गाड्या मुरमावरच लावू द्या. पत्र्यावर सर आली की माणसाचा आवाज पोचत नाही. म्हणून पंचवीसपेक्षा जास्त माणसं घेऊ नका, आणि प्रत्येक टप्पा आधी करून दाखवा, मग बोला. मुलं पाच वर्षांच्या वरची. प्रत्येक मुलाला स्वतःचा गोळा द्या. घराला एकच दिला की मूर्ती बाबाच करतात आणि मूल बघत बसतं.

आता माती. कार्यशाळा बिघडते ती इथेच, आणि तीही आदल्या दिवशी.

सहा इंची मूर्तीला दीड किलो भिजलेली माती लागते. पेणच्या कारखान्यांमधून तयार मळलेली मिळाली तर उत्तम. कोरडी आणलीत तर पाच किलोला साधारण दीड लिटर पाणी घ्या. पाणी आधी घमेल्यात घ्या आणि त्यात माती भुरभुरत सोडा. उलटं केलं की आत कोरड्या गुठळ्या राहतात, आणि त्या नेमक्या सोंडेत सापडतात. रात्रभर भिजू द्या, सकाळी तळहाताने दाबत, दुमडत मळा, हवेचे बुडबुडे काढा आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवा.

माती पोळीच्या कणकेइतकी मऊ हवी, असं जिथे-तिथे सांगितलेलं असतं. ते ऐकू नका. तेवढ्या मऊ मातीचं पोट अर्ध्या तासात बसतं आणि डोकं छातीत रुततं. पुरीच्या कणकेइतकी घट्ट हवी. पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. भेगा पडल्या तर माती कोरडी आहे, बोटाला चिकटली तर ओली. कोरड्या गोळ्यावर वरून पाणी शिंपडू नका. अंगठ्याने खड्डे करा, त्यात पाणी भरा, झाका आणि तासाभराने पुन्हा मळा. ओली झाली तर कोरडी भुकटी मिसळण्याचा मोह होतो, पण त्याने फक्त गुठळ्या होतात. मातीचे थर कोरड्या मंगलोरी कौलांवर थापून ठेवा, कौल पाणी ओढून घेतं.

दुसरा वाईट सल्ला टूथपिकचा. मान किंवा सोंड टिकावी म्हणून आत काडी खुपसायला सांगतात. शाडू वाळताना आकसतो, काडी आकसत नाही, म्हणून भेग बरोबर काडीवरच पडते. काड्या वाटूच नका. जोडायचे दोन्ही भाग काट्याने ओरबाडा, त्यावर पातळ केलेली माती लावा, हलकेच फिरवत दाबा आणि सांध्याभोवती मातीची बारीक वळी लिंपा. दोन्ही भागांचा ओलावा सारखा असला पाहिजे. सकाळी केलेलं धड उघडं राहिलं आणि त्याला ताजा हात चिकटवला, तर घरी गेल्यावर तो हात गळतो. मूल पाणी प्यायला उठलं तरी त्याच्या मूर्तीवर ओलं फडकं टाका.

मुलांच्या पुढ्यात पाण्याच्या वाट्या ठेवू नका. गुळगुळीत करायच्या नादात ती मूर्ती न्हाऊ घालतात, बोटं-कान विरघळतात आणि वाळल्यावर अंगभर बारीक भेगा येतात. प्रत्येकाला एक पिळलेला स्पंज पुरे.

क्रम असा: पाट, पोट, मांडी, हात, डोकं, सोंड, कान, शेवटी मुकुट. काम आठ इंची फरशीच्या तुकड्यावर करा, म्हणजे मूर्ती उचलताना वाकत नाही. दागिने मोठ्यांना करू द्या. तीन तासांत सगळं उरकतं, मग पिठलं-भाकरी.

निघण्यापूर्वी प्रत्येकाला सांगा: मूर्ती फरशीसकट खोक्यात, खोकं मांडीवर, डिकीत नाही. घरी ऊन नको, पंखाही नको. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माती घट्ट झाली की मूर्ती अलगद आडवी धरून तळातून चमच्याने कोरायची. भिंत इंचभर राहिली की बस. भरीव मूर्ती बाहेरून वाळते, आतून ओली राहते आणि मग फुटते. रंग गेरू, हळद, मुलतानी मातीचे, आणि तेही मूर्ती पूर्ण पांढरट झाल्यावरच.

हात धुण्याचं पाणी मोरीत सोडू नका, शाडू पाइपात बसतो. तीन बादल्या ओळीने ठेवा: पहिलीत चिखल काढायचा, दुसरीत धुवायचं, तिसरीत स्वच्छ. संध्याकाळपर्यंत माती तळाशी बसते. वरचं पाणी झाडांना घाला. खालचा गाळ कौलावर सुकवून उरलेल्या मातीत मिसळा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा, पुढच्या वर्षी तीच वापरता येते.