पूल वरून बघू नका: पाहणी, जोखीम आणि गुणवत्तेच्या प्रशिक्षणात या चुका टाळा

पावसाळ्यापूर्वीची पूल पाहणी बऱ्याच उपविभागांत एकाच पद्धतीने होते. जीप पुलाच्या मधोमध थांबते. कनिष्ठ अभियंता उतरतो, कठड्यावरून खाली डोकावतो, एक्स्पान्शन जॉइंटवर (पुलाच्या दोन भागांमधल्या सांध्यावर) बुटाची टाच आपटतो, मोबाइलवर चार फोटो काढतो. तक्त्यात ‘स्थिती समाधानकारक’ असं लिहिलं जातं आणि जीप पुढच्या पुलाकडे निघते. यात त्या पोराचा आळस नसतो, त्याला शिकवलंच तसं असतं. तीन दिवस वर्गात स्लाइड, चौथ्या दिवशी बसने एका पुलावर, तिथे गटाचा फोटो आणि संध्याकाळी प्रमाणपत्र.

नाशिकला अभियंत्यांचं प्रशिक्षण काही नवं नाही. 1959 साली सुरू झालेली मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) इथलीच, अभियंत्यांना प्रशिक्षण देणारी मेटा प्रबोधिनीही इथलीच. शिवाय जिल्हाच असा आहे की पुलाचा प्रत्येक आजार इथे बघायला मिळतो. पेठ-सुरगाण्याला धो धो पाऊस आणि पाण्याखाली जाणारे फरशी पूल, येवल्याकडे वर्षभर कोरडे ओढे, निफाड-पिंपळगावच्या रस्त्यांवर कांद्याचे ट्रॅक्टर आणि द्राक्षांचे कंटेनर. वर्ग भरवायला याहून चांगली जागा कुठे मिळणार? तरीही चुका त्याच त्याच होतात. माझ्या डोळ्यांसमोर सतत येणाऱ्या काही इथे मांडतो.

नोंद अशी, की पुढच्या वर्षी भेग सापडत नाही

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून आधी हिच्याबद्दल. ‘गर्डरला भेगा आढळल्या.’ कुठल्या गर्डरला, म्हणजे कुठल्या तुळईला? कुठल्या गाळ्यात, म्हणजे कुठल्या दोन खांबांमधल्या भागात? उभी, तिरपी की सळईच्या रेषेतून गेलेली? रुंदी किती? आपल्याकडे दर काही वर्षांनी बदली होते. भेग पाहणारा अभियंता चांदवडला जातो आणि नवीन आलेल्याच्या हातात हे चार शब्द उरतात. भेग वाढली की होती तशीच आहे, हे तो कशावरून ठरवणार?

नोंद अशी हवी: ‘गाळा 3, गर्डर 2, खालची बाजू, पिअर 3 च्या बेअरिंगपासून 1.2 मीटरवर, तिरपी भेग, लांबी 600 मिमी, रुंदी 0.25 मिमी, कडेला गंजाचा डाग, जागा ओलसर.’ (पिअर म्हणजे पुलाचा खांब, बेअरिंग म्हणजे खांबावर गर्डर जिच्यावर टेकतो ती टेकणी.) एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात. रुंदी डोळ्यांनी सांगू नका, क्रॅक गेजची पट्टी पाकिटात मावते. भेगेच्या दोन्ही टोकांना रंगाने खूण करून शेजारी तारीख लिहा. भेग हलते का, हे बघायचं असेल तर त्यावर काचेची पट्टी चिकटवा. पट्टी तडकली की हालचाल चालू आहे.

एक गंमत बहुतेक प्रशिक्षणांत कुणीच सांगत नाही. गाळे मोजायचे कुठून? एका वर्षीचा गट पंचवटीच्या बाजूने मोजतो, दुसऱ्या वर्षीचा नाशिकच्या बाजूने. कागदावर गाळा 2 मधली भेग गायब होते आणि गाळा 5 मध्ये नवीच उगवते. साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) ज्या दिशेने वाढतो त्या दिशेने मोजायचं, आणि प्रत्येक पिअरवर ऑइल पेंटने आकडा लिहायचा. कामाच्या पहिल्या दिवशी हे केलं की पुढची दहा वर्षं भांडण नको.

फोटोंचं तसंच. व्हॉट्सॲपवर फिरून आलेला फोटो लहान झालेला असतो, त्यातली तारीख आणि ठिकाणाची माहितीही निघून जाते. मूळ फाइल जपून ठेवा. फोटोत मोजपट्टी आणि गाळा-गर्डर लिहिलेली पाटी दिसू द्या.

लक्षण लिहिलं, कारण सोडलं

‘स्लॅबच्या खाली पोपडे निघालेत, सळई उघडी पडली आहे. उपाय: प्लास्टर करणे.’ असा शेरा दिसला की मी विचारतो, पाणी आलं कुठून? उत्तर बहुधा वर डेकवर, म्हणजे गाड्या चालतात त्या भागावर असतं. ड्रेनेज स्पाऊट (पाणी बाहेर टाकणारा पाइप) डांबराने बुजलेला, किंवा जॉइंटचं सील फाटून त्यातून पाणी थेट पिअर कॅपवर (खांबाच्या माथ्यावर) आणि बेअरिंगवर पडतंय. वरचं पाणी थांबवल्याशिवाय खाली केलेलं प्लास्टर दोन पावसाळे टिकत नाही, आणि तोवर आतला गंज झाकला जातो तो वेगळाच. दगडी पुलावरच्या पिंपळाचंही हेच. फांद्या छाटल्या की फोटो छान येतो, पण मूळ सांध्यात वाढतच राहतं.

स्पाऊट बुजतात कशाने? थरावर थर टाकल्याने. याचा हिशेब मी प्रत्येक गटाकडून फळ्यावर करून घेतो. गाळा 20 मीटर, रुंदी 7.5 मीटर, जुना थर न खरवडता वर्षानुवर्षं चढलेलं जादा डांबर 100 मिमी. झाले 15 घनमीटर. घनमीटरला साधारण 2.3 टन धरले तर चौतीस-पस्तीस टन. म्हणजे भरलेला एक ट्रक त्या गाळ्यावर कायमचा उभा करून ठेवला. मूळ डिझाइनमध्ये तो कुणीच धरलेला नव्हता.

‘इथे खडकच आहे, पायाला काय होतंय?’

गोदापात्रातला काळा पाषाण बघून भलेभले असं म्हणतात. दख्खनच्या बेसाल्टमध्ये एका कठीण थराखाली लाल, मऊ बोलचा (मातकट थराचा) किंवा कुजलेल्या खडकाचा थर असू शकतो. म्हणून तर आयआरसी 78 या भारतीय रस्ते काँग्रेसच्या पुलांच्या पायासाठीच्या नियमावलीत कठीण खडकात पाया 0.6 मीटर आणि मऊ खडकात 1.5 मीटर आत न्यायला सांगितलंय. हातातल्या पुलाचा पाया नक्की कशावर टेकला आहे, हे जुन्या नकाशात शोधा. नकाशा नसेल तर तसं स्पष्ट लिहा. आणि पिअर खडकावर असला तरी अबटमेंटच्या (पुलाच्या टोकाला काठावर असलेल्या भिंतीच्या) मागचा भराव मुरमाचाच असतो. पुरात बरेचदा आधी तोच जातो.

पूर ओसरल्यावर पायाजवळ झालेला खड्डा गाळाने भरून येतो आणि तळ सपाट दिसतो. वरून बघून ‘धूप नाही’ लिहू नका. सळई खुपसून बघा. सहज आत गेली तर तो ताजा गाळ आहे.

पूरपातळी ठरवताना आणखी एक घोटाळा होतो. नाशिककर पूर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात: गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला. ही माहिती हसण्यावारी नेऊ नये, ती पिढ्यांची नोंद आहे. पण अहवालात ‘मारुतीच्या छातीपर्यंत’ असं लिहूनही भागत नाही. लेव्हल (उंची मोजायचं उपकरण) लावून त्या खुणेची पातळी पुलाच्या गर्डरच्या तळाशी जोडा. 2 ऑगस्ट 2016 ला गोदावरीला आलेल्या पुराच्या खुणा काठच्या लोकांना अजून दाखवता येतात, त्या दाखवणारी माणसं आहेत तोवर मोजून घ्या. त्याच रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. त्या पुलाचीही पावसाळ्यापूर्वी पाहणी झाली होती आणि धोका नोंदवला गेला नव्हता.

उपकरणाच्या आकड्यावर आंधळा विश्वास

रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून किती उसळतो यावरून मजबुतीचा अंदाज देणारं उपकरण) हातात आला की प्रशिक्षणार्थी खूश असतात. ठोकलं, आकडा आला, आलेखावरून मजबुती काढली: ‘एम 35 (म्हणजे 35 एन प्रति चौरस मिमी मजबुतीचं काँक्रीट), उत्तम.’ जुन्या काँक्रीटवर असा निकाल देणं धोक्याचं आहे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृष्ठभाग कडक झालेला असतो, त्यामुळे आकडा फुगतो. पृष्ठभाग ओला असेल तर उलट घसरतो. 1992 च्या आयएस 13311 या भारतीय मानकातच या अंदाजाची अचूकता साधारण अधिक-उणे 25 टक्के सांगितली होती. आता ती मानकं आयएस 516 च्या भाग 5 मध्ये गेली आहेत, अल्ट्रासॉनिकचं (काँक्रीटमधून ध्वनिलहर पाठवून तिचा वेग मोजण्याच्या चाचणीचं) 2018 साली आणि हॅमरचं 2020 साली. बऱ्याच वर्गांतल्या स्लाइड मात्र अजून 1992 मध्येच आहेत.

दोन उपकरणांचे निकाल जुळत नाहीत, ही तक्रार नेहमीची. अशा वेळी हॅमर आधी ऐरणीवर तपासला होता का, प्लास्टर खरवडून पृष्ठभाग घासला होता का, अल्ट्रासॉनिकची लहर सळईच्या समांतर तर गेली नाही (तशी गेली की वेग वाढीव दिसतो) आणि काँक्रीट भिजलेलं होतं का, हे एकेक करून बघा. फिनॉल्फथॅलीन फवारून कार्बोनेशन (कार्बन डायऑक्साइडचा काँक्रीटवरचा परिणाम) किती खोल गेलंय ते पाहा, जिथे गुलाबी रंग येत नाही तिथवर काँक्रीटने सळईचं संरक्षण गमावलं आहे. एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर कोअर (काँक्रीटचा गोल नमुना) काढा. आणि या सगळ्याच्या आधी साधी हातोडी घ्या. पोकळ जागा कानाला लगेच कळते. ड्रोनने सुंदर फोटो येतात, पण ड्रोनला ठोकून बघता येत नाही.

जोखीम म्हणजे फक्त पुलाची अवस्था नव्हे

पाच बाय पाचचा तक्ता शिकवला जातो: शक्यता गुणिले परिणाम. शक्यता 1 आणि परिणाम 5 असेल तरी गुणाकार 5 येतो, शक्यता 5 आणि परिणाम 1 असेल तरी 5 येतो. तक्त्यात दोन्ही एकाच रंगाचे, पण पहिल्यात माणसं मरतात आणि दुसऱ्यात कठडा खरचटतो. गुणाकार करा, पण परिणाम 5 असलेले पूल वेगळ्या यादीत काढून आधी वाचा.

परिणाम ठरवताना वाहनांची संख्या बघण्याची सवय असते. शहरात एक पूल बंद झाला तर पुढचा पूल दोन किलोमीटरवर मिळतो. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर तोच एक रस्ता असतो, दवाखान्याचा आणि शाळेचाही. दिवसाला चाळीस गाड्या जाणारा तो पूल यादीत खाली ढकलणं चूक आहे.

नाशिकला तर गर्दीचा वेगळा विचार हवा. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. तीर्थक्षेत्रं आणि जत्रांच्या गावांतल्या पुलांसाठी पदपथावरचा भार चौरस मीटरला 400 वरून 500 किलो धरा, असं आयआरसी 6 या पुलांवरच्या भारांच्या नियमावलीतच लिहिलंय. पर्वणीला माणसं पदपथावर थांबत नाहीत. सगळा पूल भरला तर 20 बाय 7.5 मीटरच्या एका गाळ्यावर याच दराने 75 टन होतात, आणि ती गर्दी हलत नाही, नदीकडे बघत एका बाजूच्या कठड्याला टेकून उभी राहते. कठड्याची पाहणी कितीजण करतात?

मग धोका ओळखला, पुढे काय? फलक लावला! पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरच्या लोखंडी पुलावर धोक्याचा फलक होताच. 15 जून 2025 च्या रविवारी पर्यटकांच्या गर्दीखाली तो कोसळला आणि चौघे गेले. फलक वाचून माणूस परत फिरेल, हे गृहीतकच कच्चं. जोखीम जास्त असेल तर वाहनं आणि माणसं प्रत्यक्ष अडतील असा अडथळा घाला. पूररात्री दोन वाजता पूल बंद करण्याचा निर्णय कोण घेणार, त्याचं पद आणि फोन अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा.

घनांचा हिशेब जुळवणं

नव्या पुलाच्या कामावर गुणवत्ता नियंत्रण म्हणजे क्यूब रजिस्टर (काँक्रीटचे घन फोडून तपासलेल्या मजबुतीची वही), अशी समजूत आहे. एका नमुन्याचे तीन घन फोडले, निकाल 38, 41 आणि 29 एन प्रति चौरस मिमी. सरासरी 36. आता 29 हा सरासरीपेक्षा 19 टक्क्यांहून अधिक खाली आहे. आयएस 456 या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे फरक 15 टक्क्यांच्या आत नसेल तर तो नमुनाच बाद. पण रजिस्टरवर काय होतं? 29 ‘चुकीचा’ म्हणून खोडला जातो, उरलेल्या दोघांची सरासरी 39.5 काढली जाते आणि काम पुढे. प्रशिक्षणात हेच उदाहरण देऊन सही कोण करेल, असं विचारा. वर्ग शांत होतो.

उलटही खरं. ज्या रजिस्टरात महिनाभराचे सगळे निकाल 37.8, 38.0, 37.9 असे आहेत त्याचा जास्त संशय घ्या. एम 30 आणि त्यावरच्या काँक्रीटला मानक स्वतः साधारण 5 एन प्रति चौरस मिमी प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) धरतं. खऱ्या साइटवर आकडे उड्या मारतात.

शिवाय घन 27 अंशांच्या टाकीत मजेत भिजत असतो आणि स्लॅब एप्रिलच्या उन्हात तापत असतो. पेठच्या घाटापर्यंत प्लांटवरून गाडी येईस्तोवर स्लम्प (ओल्या काँक्रीटचा मऊपणा) उतरतो, मग ड्रममध्ये पाइपने पाणी सोडलं जातं. हे रजिस्टरमध्ये कधीच दिसणार नाही. मालाची गाडी आली की स्लम्प तुमच्यासमोर घ्या, पाणी घालायचं नाही हे आधीच बजावा, घनाचा नमुना त्याच मालातून काढा. कव्हर ब्लॉकच्या (सळईला साच्यापासून दूर ठेवणाऱ्या ठोकळ्याच्या) जागी खडीचा तुकडा दिसला तर ओतणं थांबवा. पुढे सळई गंजण्याची सुरुवात तिथूनच होते.

वर्ग पुलाखाली न्या

खाली उतरताना दोन गोष्टी. गंगापूर किंवा दारणा धरणातून विसर्ग सुटणार आहे का, हे त्याच सकाळी विचारून घ्या, ऊन पडलंय म्हणून नदी कोरडी राहील असं नाही. आणि गर्डरखाली आग्या मोहोळ आहे का ते दुर्बिणीने बघूनच शिडी लावा. हे कुठल्याही तक्त्यात नसतं, पण पाहणी अर्ध्यावर सोडून पळायला लावतं.

गटाचे दोन भाग करा, एकाच पुलाची दोघांनी स्वतंत्र पाहणी करावी, आपसात बोलू नये. नंतर दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. एकाने ‘चांगली’ आणि दुसऱ्याने ‘वाईट’ दिलेल्या बेअरिंगपाशी सगळ्यांना परत घेऊन जा आणि तिथेच वाद होऊ द्या. सोबत त्या रस्त्याचा मैलकुली (देखभाल करणारा कामगार) असेल तर उत्तम, पाणी कुठून झिरपतं हे त्याला कुठल्याही सल्लागाराआधी ठाऊक असतं.

परीक्षा घ्यायचीच असेल तर चार पर्यायांतून एक निवडा असली नको. एका प्रशिक्षणार्थीने लिहिलेली नोंद दुसऱ्याच्या हातात द्या, त्याला पुलाखाली पाठवा आणि दहा मिनिटांत ती भेग शोधून बोट ठेवायला सांगा. सापडली नाही तर नोंद लिहिणारा नापास, शोधणारा नव्हे.