निवाऱ्यातून खोलीत: कोल्हापुरात नव्यानं बिऱ्हाड मांडणाऱ्यांसाठी

निवारा केंद्र सोडून पहिल्यांदा भाड्याच्या खोलीत जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय. बाहेरून कोल्हापुरात आलेले, इथं रक्ताचं कुणी नसलेले, काही काळ स्टँडवर नाहीतर देवळाच्या आसपास काढलेले आणि आता हाताला काम लागल्यावर "खोली बघावी" म्हणणारे, असे तुम्ही असाल तर वाचा. मी मूळचा लातूरकडचा. उद्यमनगरात फौंड्रीच्या कामाला आलो, काम सुटलं, मग खोली सुटली. पुढचं तुम्हाला सांगायला नको. आता बरीच वर्षं एका आवारातल्या पत्र्याच्या खोल्यांत राहतो. दहा बाय दहाची खोली, एकच रांग, मधे मोकळी जागा, कोपऱ्यात सामाईक नळ आणि न्हाणी. रांगेतली निम्म्याहून जास्त माणसं निवाऱ्यातूनच आलेली. त्यामुळं नवा माणूस आला की त्याला काय काय विचारायचं असतं ते आम्हाला तोंडपाठ झालंय.

पहिलं म्हणजे निवारा सोडायची घाई करू नका. निवारा ही कुणाची मेहेरबानी नाही. लाखभर वस्तीमागं एक निवारा आणि तो चोवीस तास, बाराही महिने उघडा, असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच सांगितलंय. पुढं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात माणशी ५० चौरस फूट जागा असा नियमही आला. प्रत्यक्षात किती जागा मिळते ते तुम्हाला माहीत आहेच. पण तिथून निघायच्या आधी तिथं बसूनच काही कागद करून घ्या. एकदा बाहेर पडलात की तेच कागद करायला दहा दारं झिजवावी लागतात.

सगळ्यात आधी आधार. पत्ता नाही म्हणून अडलं असेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला चालतो. हरवलं असेल तर नवीन काढायच्या भानगडीत पडू नका, जुनंच शोधून मिळतं. ठसे उमटत नसतील (फेटलिंगला, म्हणजे फौंड्रीत ओतलेले भाग घासून साफ करायला, ग्राइंडर धरलेल्यांची आणि सिमेंटमध्ये काम केलेल्यांची बोटं गुळगुळीत होतात) तर आधार केंद्रावर ठसे पुन्हा द्या आणि स्वतःचा मोबाईल जोडून घ्या. दुसऱ्याचा नंबर देऊ नका; तो माणूस गाव सोडून जातो आणि तुमचा ओटीपी त्याच्या खिशात वाजत बसतो. मग शून्य शिलकीचं जनधन खातं. गावाकडं रेशनकार्ड असेल तर ते रद्द करू नका. कार्ड लातूरकडच्या औशाचं असलं तरी आधारवर अंगठा लावून कोल्हापुरातल्या रेशन दुकानात तुमच्या वाट्याचं धान्य उचलता येतं. रेशनच्या 'प्राधान्य कुटुंब' यादीत असलेल्यांना माणशी महिना ५ किलो, आणि २०२३ पासून ते फुकट आहे. दुकानदार "इथलं कार्ड नाही" म्हणाला तर भांडू नका, पण हटूही नका. उभं राहा आणि मशीनला अंगठा लावा.

आता खोली. कोल्हापुरात खोली स्वस्त मिळाली की खूश व्हायच्या आधी एकच विचारा: पाणी कुठवर आलं होतं? घरमालकाला विचारू नका, समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे इथं शाळेतल्या पोराला पाठ असतं. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सुतारवाड्यातल्या लोकांना तर जवळपास दरवर्षी सगळ्यात आधी बाहेर काढतात. शुक्रवार पेठेचा नदीकडचा भाग, जयंती नाल्याच्या कडेच्या गल्ल्या, शाहूपुरीची कुंभार गल्ली, इथं खोली बघत असाल तर भिंतीकडं नीट बघा. रंग नवा असला तरी खालचा गिलावा फुगलेला दिसतो. लाईटची बटणं छातीच्या वर बसवलेली असतील तर समजा की या घरानं पूर बघितलाय आणि मालक शहाणा आहे. तशी खोली घ्यायला माझी हरकत नाही. फक्त कागदांची पिशवी खिळ्याला उंच टांगायची आणि जून लागला की नदीच्या पातळीची बातमी रोज ऐकायची. पूर आला तर "बघू उद्या" म्हणत थांबायचं नाही. सामान गेलं तर परत घेता येतं, आधार आणि पासबुक ओलं झालं की वर्षभराचे हेलपाटे.

डिपॉझिट रोख देत असाल तर कोऱ्या कागदावर का होईना, मालकाची सही घ्या. भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करायची जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. हे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. पण हे दारात उभं राहून मालकाला ऐकवाल तर खोली मिळणार नाही, मनात ठेवा. राहायला जाल त्या दिवशी सबमीटरचं रीडिंग मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. आमच्या रांगेत लाईटबिलावरून जितकी भांडणं झाली तितकी पाण्यावरूनही झाली नाहीत. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायला मालक सांगेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जामीन राहायला ओळखीचं कुणी मागतील. इथं निवाऱ्यातल्या ताईंचा नाहीतर कामावरच्या मुकादमाचा शब्द चालतो, म्हणून दोघांशीही संबंध तोडून निघू नका.

आता ज्याबद्दल कुणी सांगत नाही ते सांगतो. खोली मिळाल्यावरचे पहिले महिने रस्त्यावरच्या दिवसांपेक्षा जड जातात. माणसं भाडं थकलं म्हणून परत स्टँडवर जातात असं बाहेरच्यांना वाटतं. मी बघितलेल्यांतले बरेच भाडं भरलेलं असताना परत गेले. स्टँडवर रात्रभर गाड्यांचा आवाज असतो, कंडक्टरची घंटी असते, चहावाला असतो, शिव्या घालणारा का असेना पण कुणीतरी असतं. निवाऱ्यात बाजूच्या खाटेवरचा घोरतो. खोलीत दार लावलं की काहीच नाही. आमच्या शेजारचे मामा सुरुवातीला पिशवीचा बंद मनगटाला बांधून झोपायचे, आतून कडी घातलेल्या खोलीत. चपला उशाखाली. पुढं थंडी असतानाही दार उघडं टाकून उंबऱ्यात झोपायला लागले. कुणी हसलं नाही, कारण बहुतेकांनी असंच काहीतरी केलेलं. तुम्हाला झोप लागली नाही तर दार उघडं ठेवा, रेडिओ लावा, बाहेर कट्ट्यावर बसा. मात्र त्या वेळी बाटली घेऊन खोलीत एकट्यानं बसू नका. चौघांत बसून पिणारा निदान चौघांना दिसतो.

म्हणून माझा आग्रह असा की खोली निवडताना फरशी, पत्रा, मोरी यांच्या आधी आवार बघा. सकाळी तुमचं दार उघडलं नाही तर कुणाच्या लक्षात येईल? अशी दोन माणसं असतील तर खोली थोडी गळकी चालेल. आमच्याकडं पहाटे नळाला पाणी येतं. घागरी-बादल्या रात्रीच रांगेत लागलेल्या असतात आणि प्रत्येकाची बादली कुठली ते सगळ्यांना माहीत आहे. पाणी आल्यावर एखादी बादली तशीच राहिली की रांगेतली मावशी आधी ती भरते आणि मग त्या दारावर थाप मारते. मामांना ताप चढलेला असाच कळला, त्यांना रिक्षात घालून सीपीआरला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं, केसपेपर मावशीनं काढला. हीच खोली बंगल्याच्या मागच्या बाजूला स्वतंत्र जिना असलेली असती तर दोन दिवस कुणाला पत्ता लागला नसता.

निवाऱ्यातल्या ताईंनी एकदा मोबाईलवर अमेरिकेतलं एक गाव दाखवलं होतं. टेक्सासमध्ये ऑस्टिन शहराजवळ ५१ एकरांवर सुरू झालेलं, रस्त्यावर बरीच वर्षं काढलेल्या माणसांसाठीचं छोट्या छोट्या घरांचं गाव. नाव 'कम्युनिटी फर्स्ट व्हिलेज'. १९९८ मध्ये गाडीतून जेवण वाटायला सुरुवात केलेल्या एका संस्थेनं ते उभं केलं आणि २०१५ मध्ये माणसं राहायला लागली. घरं बघून आम्हाला हसू आलं, कारण त्यातली बरीचशी आमच्या खोल्यांएवढीच. त्यातल्या छोट्या घरांत नळ नाही, संडास नाही. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक, बाहेर. आमच्याकडं मालकानं खर्च वाचवला म्हणून सामाईक आहे, पण गुण तोच. पाण्याला जाताना माणूस माणसाला भेटतो. तिथं भाडंही घेतात, फुकट नाही, हे मला सगळ्यात पटलं. भाडं भरायचं, देशाचा कायदा पाळायचा, गावाचे नियम पाळायचे, या तीन अटी. फरक एवढाच की तिथं कामाची सोय आवारातच करून दिलीय. आपल्याला काम शोधायला बाहेर पडावं लागतं.

त्या कामाचंही थोडं. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत ठेकेदाराकडं लागलात तर पहिल्याच पगाराला ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापतात का ते विचारा. कापत असतील तर नंबर लिहून घ्या, नुसतं कापून घेणारेही असतात. मास्क मागून घ्या. वाळूची धूळ छातीत बसते. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. टीबीचं औषध तिथं फुकट मिळतं, आणि पत्ता बदलला म्हणून मधेच थांबवायचं नाही. नवी खोली घेतलीत तर दवाखान्यात तसं सांगा. दिवाळीच्या पाडव्याला शाहू मार्केट यार्डात नव्या गुळाचे सौदे निघतात आणि आसपासच्या गावांत गुऱ्हाळं पेटलेली असतात. तिथं खाऊनपिऊन, राहून काम मिळतं, पैसे बरे साठतात. पण गुऱ्हाळावर जाताना खोलीचं भाडं आगाऊ देऊन जा आणि चावी शेजारी ठेवा. हंगाम संपवून परत येईपर्यंत खोलीत दुसराच बिऱ्हाडकरू, असं झालेलं मी बघितलंय. पावसाळ्यात बांधकामं थंडावतात, तेव्हासाठी मे महिन्यातच एका महिन्याचं भाडं बाजूला काढा.

कोल्हापूरकरांबद्दल एक सांगतो. तोंडानं फटकळ, आवाज मोठा. चहा विचारतानाही भांडतायत असं वाटतं. "काय भावा, कुठला तू?" असं पहिल्याच भेटीत विचारतील. खरं सांगा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून बाहेरगावच्या पोरांसाठी जातीजातीची बोर्डिंगं काढली, तेव्हापासून परगावचा माणूस या शहराला नवा नाही. पण पेठेत मान तालमीचा. गल्लीतल्या तालमीच्या पोरांशी ओळख करून घ्या, गणपतीत खुर्च्या उचलायला जा, वर्गणी दहा रुपये का असेना पण द्या. शाहू स्टेडियमवर गल्लीच्या टीमची फुटबॉल मॅच असेल तर जाऊन ओरडा, टीम कुठली हे आधी नीट विचारून. पूर आला, अंगात ताप चढला, मालकानं सामान बाहेर काढलं, तर पहिली धावत येतात ती हीच पोरं.

भाडं उशिरा होणार असेल तर एक तारखेच्या आधी स्वतः जाऊन सांगा. मालक चार शब्द बोलेल, ऐकून घ्या. तोंड चुकवलंत तर मात्र त्याला वाटतं, हा पळाला. आणि खोली सोडायची वेळ आलीच तर चावी मालकाच्या हातात द्या, रीडिंग दाखवा, डिपॉझिट मोजून घ्या. बल्ब आणि पंखा तुम्ही विकत घेतलेला असेल तर काढून न्या. मालक "राहू दे की ओ" म्हणेल, तरीही.